रस्ता आमच्या वस्तीतून जाणार होता

दीक्षेनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एका सकाळी आम्ही बाया पाण्याला निघालो, तर वस्तीच्या मधोमध चुन्याची पांढरी रेघ ओढलेली. स्टेशनाच्या बाजूने ती आत शिरली होती आणि दाई मावशीच्या अंगणातून, टांगेवाल्याच्या तबेल्यावरून, विहिरीच्या काठाला घासून बाजाराकडे निघून गेली होती. थोडं अंतर सोडून तशीच दुसरी. दोन रेघांमध्ये रुंद पट्टा, आणि त्या पट्ट्यात अर्धी वस्ती. रेघ ओढताना कोणी पाहिलं नव्हतं. वस्तीतली कुत्रीसुद्धा भुंकली नव्हती.

रस्ता येणार हे मात्र सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. काही दिवसांपूर्वी ते आमच्या फळ्यावर लिहून आलं होतं, आणि तो फळा माझा नवरा लिहीत असे.

मी अल्लीपूरची. लग्न होऊन या तालुक्याच्या गावी आले, तेव्हा वस्तीतला मॅट्रिक झालेला माणूस एकच, आमचे मास्तर. सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. जवळच्या खेड्यात त्यांची शाळा होती. रोज सायकलने जात. नागपूरहून बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेऊन आलो आणि त्यांनी आमच्या घराला लागून एक खोली वाचनालय म्हणून उघडली. बाहेर पत्र्याचा काळा फळा टांगला. दुपारच्या गाडीने पेपर येई. त्यातल्या चार बातम्या ते संध्याकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत, आणि खाली गावची एखादी : देवीचे टोचणारे केव्हा येणार, बाजारात साखर आली की नाही. ज्यांना वाचता येत नसे ते उभे राहून ऐकत. फळ्यावर आलं म्हणजे खरं, असं वस्तीत झालं होतं.

त्या फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं की कमेटीचा नवा रस्ता स्टेशन ते बाजार असा वस्तीतून जाणार. म्युनिसिपालटीला आमच्याकडे कमेटीच म्हणत. जे आपण होऊन जागा सोडतील त्यांची नदीपलीकडे सोय होईल, जे अडून बसतील त्यांची होईल असं नाही, असंही लिहिलं होतं. वाचून झाल्यावर टांगेवाल्याने विचारलं, "मास्तर, हे कोणं सांगतलं?"

"बातमी पक्की आहे," मास्तर म्हणाले आणि हाताचा खडू झटकून घरात आले.

तेव्हा कशावरही विश्वास बसावा असेच दिवस होते. आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. नागपूरच्या कचेऱ्यांतले कागद गाड्या भरभरून मुंबईला चालले, असं लोक सांगत. मुंबईवाले येतील, गाव मोजतील, नझूलच्या जागेवर बसलेल्यांना उठवतील. आमची सगळी वस्ती नझूलच्याच जागेवर, म्हणजे जमीन सरकारची आणि तिच्यावर राहायच्या हक्काचा पट्टा आमचा. त्यामुळे रेघ दिसली तेव्हा कोणी ओरडलं नाही. लोक नुसते तिच्याकडे बघत उभे राहिले.

विहिरीवर मात्र दुसऱ्याच गोष्टीची कुजबुज होती. रेघ सगळीकडे सरळ होती, फक्त आमच्या घरापाशी येऊन ती वाकली होती. आमचं घर आणि वाचनालय तिने बाहेर ठेवलं होतं, आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ झाली होती. मी बादली घेऊन गेले की बोलणं थांबे. कोणी सरकून जागा देई, पण कोणी माझ्या डोळ्यांत बघत नसे.

शेवटी दाई मावशी बोलली. वस्तीतलं प्रत्येक मूल तिच्या हातात जन्मलेलं, तिला कोणाची भीड नव्हती. "पोरी," ती म्हणाली, "तुया नवऱ्याले इचार, रेघ आमच्या घरावरून सरळ गेली, तुमच्या दारात येऊन काऊन वाकली?"

"मले काय माहीत, मावशी?"

"म्हून तर इचार म्हणतो."

मी विचारलं नाही. त्यांच्यावर नजर ठेवू लागले. आता सांगताना हे सोपं वाटतं, पण ज्याच्या ताटात भाकरी वाढायची त्याच्याकडे चोरून बघत राहणं फार वाईट. ते हात कसे धुतात, जेवताना कुठे बघतात, कोणाचं नाव निघालं की थांबतात का, सगळं मी बघत होते. कमेटीचा एक मेंबर होता, कापसाचा दलाल. त्याचा दिवाणजी सायकलवरून येई आणि मास्तरांना हाक मारी. दोघं बोलत बोलत गोदामांपर्यंत चालत जात. आधी मला त्याचं अप्रूप वाटे, एवढ्या मोठ्या माणसाचा दिवाणजी आमच्या दारी येतो म्हणून. आता वाटू लागलं, दारात उभं राहून बोलता येत नाही असं काय आहे?

एक दिवस मास्तरांच्या चपलेला चुना दिसला. मी चप्पल त्यांच्यासमोर धरली.

"रेघ पाह्याले गेलतो," ते म्हणाले.

"दारासमोरच तर आहे. पाह्याले चप्पल कायले भरते?"

"तू आता माही तपासणी करून राह्यली काय?" त्यांचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. त्यामुळे माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

इकडे टांगेवाल्याने पट्टा विकला. घेणारा मेंबरच्या साडूचा माणूस. रस्त्यात फुकट जाण्यापेक्षा मिळतं ते बरं, असं टांगेवाला म्हणाला. बायको-पोरं, घोडं, चाऱ्याचे भारे घेऊन तो नदीपलीकडे गेला. जाताना त्याच्या बायकोने उंबऱ्याचा दगड उकरून टांग्यात घातला. त्याच्यानंतर शेजारची दोन घरं गेली. ज्या जागेवरून उद्या रस्ता जाणार ती जागा आज कोणी विकत का घेतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. घाबरलेला माणूस मागचं-पुढचं जुळवून बघत नाही.

मग दाई मावशीच्या मुलाने विकायचं काढलं. मावशी रडत माझ्याकडे आली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. दारात बसून ती म्हणाली, "मी कोठी जाऊ? नदीपलीकडून राती बाळंतिणीकडे मले कोण आणन?"

मी पदर खोचला आणि म्हणाले, "चाल माह्या संग. कमेटीतच जाऊन इचारू."

बायांनी कमेटीच्या कचेरीत जायचा रिवाज नव्हता. चपराशाने दोनदा हटकलं. आम्ही व्हरांड्यातच बसून राहिलो. मोजणीचं काम बघणारा ओव्हरसियर जेवून परत आला तेव्हा मावशीने त्याची वाटच अडवली. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात अडली होती तेव्हा मावशीच गेली होती. ती ओळख त्याला विसरता येणार नव्हती.

"साहेब, माह्या अंगणात रेघ कायले ओढली?"

"कोणती रेघ?"

"चुन्याची. रस्त्याची."

तो म्हणाला, "मावशी, आमचं काम खुंट्या ठोकून असते. साखळी घेऊन मोजतो, दिवसाउजेडी, चार माणसं घेऊन. चुना आम्ही टाकला नाई."

"मंग रस्ता?" मी विचारलं.

"रस्ता होईल तवा कापसाच्या जिनिंगच्या मागून होईल. तिकडे मोकळी जागा आहे. वस्तीतून कोणं सांगतलं तुम्हाले?"

मी सांगणार होते, फळ्यावर लिहिलं होतं म्हणून. पण त्याचा चेहरा एकाएकी बदलला. आपण जास्त बोललो हे त्याला कळलं असावं. "माहं नाव नोका घेजा कोठी," असं म्हणून तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

परत येताना मावशी झपाझप पुढे चालली होती. तिच्या मनात जे चाललं होतं तेच माझ्या मनात होतं, आणि ते माझ्या नवऱ्याबद्दल होतं.

मास्तर शाळेतून आले. सायकल भिंतीला लावायच्या आतच मी मावशीसमोर त्यांना विचारलं, "बातमी कोणं देली होती?"

त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काऊन?"

"रेघ कमेटीची नाई. रस्ता जिनिंगच्या मागून जाते. ओव्हरसियर बोलला."

ते खाली बसले. खाटेवर नव्हे, जमिनीवरच, टोपी हातात घेऊन. मग सांगू लागले. मेंबरने त्यांना बोलावून घेतलं होतं. खुर्ची दिली होती. म्हणाला होता, तुमच्या वस्तीत शिकलेला माणूस तूच, म्हणून तुला आधी सांगतो. लोकांना वेळेवर कळलं तर त्यांचंच भलं होईल. कोणी सांगितलं ते मात्र बोलू नकोस, कमेटीत माझी अडचण होईल. "मले वाटलं," मास्तर म्हणाले, "आपल्याले पह्यल्यांदा कोणी माणसासारखं बोलावून इचारलं."

"आन् रेघ वाकली ते?" मावशी म्हणाली.

"ते मले माहीत नोतं, मावशी. देवाशपथ." मग त्यांच्या ध्यानात आलं की ती शपथ आता आपली नाही.

"तुमचं घर वाचवलं नाई त्यानं," मावशी म्हणाली. "तुम्हाले आमच्यापासून तोडलं."

त्याच संध्याकाळी लोक जमले तेव्हा मास्तरांनी फळा पुसला. लिहिलं की रस्त्याची बातमी खोटी होती, ती कमेटीची नव्हती, कोणीही पट्टा विकू नये. खाली मेंबरचं नाव लिहिलं. मग ते स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी शाबास म्हटलं नाही. ज्या दोन घरांनी जागा विकली होती त्यांतला एक म्हातारा मुद्दाम परत आला होता. तो मास्तरांच्या पायाजवळ थुंकला आणि निघून गेला. मास्तर तसेच उभे राहिले. मी पाणी आणून ती जागा धुतली.

मावशीच्या मुलाने विकलं नाही. बाकी कोणीही नाही. पोरांनी झाडूने रेघा मोडल्या. मेंबरचा दिवाणजी पुन्हा वस्तीत फिरकला नाही, पण पावसाळ्यात मास्तरांची बदली झाली, आर्वीकडे, रोहण्याला. कोणी केली कोण जाणे. बदल्या होतच असतात. पण त्या वर्षी आम्हाला साधी गोष्टही साधी वाटत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी ते ट्रंक भरत होते. मी त्यांना विचारलं, "खरं सांगा. रेघ आपल्या दारात वाकलेली पाह्यली, तवा तुम्हाले काहीच वाटलं नाई?"

धोतराची घडी घालता घालता ते थांबले. "वाटलं," म्हणाले. "म्हून तर कोणाले इचारलं नाई."

त्या उत्तराने माझं समाधान झालं असं नाही. पण त्यानंतर मी त्यांच्या चपला बघणं सोडलं.

ते एकटेच गेले, मी घर सांभाळायला मागे राहिले. फळा दोन आठवडे कोरा राहिला. पेपर येऊन पडत होता. मला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं. एक दिवस मी खडू घेतला. माझी अक्षरं मोठी-लहान होत, ओळ खाली उतरे. लोक हसले नाहीत, पण प्रत्येक बातमीला कोणी ना कोणी विचारीच, "बाई, हे कोणं सांगतलं?" मग मी तेही लिहू लागले. अमक्या दिवशीच्या पेपरातून. डाकबाबूने सांगितलं. सोसायटीतून ऐकलं, खात्री नाही. तेवढं लिहिल्याशिवाय माझ्या फळ्यावर कोणाचा भरवसा बसत नसे, आणि मला त्याचा राग येत नव्हता.

टांगेवाल्याच्या आणि त्या दोन घरांच्या जागेवर पुढे मेंबरच्या साडूची टॉकीज उभी राहिली. रस्ता जिनिंगच्या मागूनच झाला.

टॉकीजचा पाया खोदत होते त्याच सुमाराला उन्हाळ्यातल्या एका दुपारी खरंच कमेटीचे लोक आले. साखळी, लाल-पांढरे बांबू, खुंट्या. दिवसाउजेडी, चार माणसं घेऊन, तो ओव्हरसियर म्हणाला होता अगदी तसेच. पण तो स्वतः त्यात नव्हता, त्याची जागा नव्या माणसाने घेतली होती. आम्ही नळाचा पाइप टाकायला आलो, हा नवा माणूस सांगत होता. कोणी ऐकून घेतलं नाही. "पाइपाचं नाव करून जागा मोजून राह्यले," बाया म्हणाल्या. मावशी पहिल्या खुंटीवर जाऊन बसली. पोरांनी पुढच्या उपटल्या. नवा ओव्हरसियर मला म्हणाला, "बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता, यांना समजवा ना."

मी त्याला विचारलं, "कागद आहे काय?"

कागद कचेरीत होता. आणतो म्हणून तो गेला. तो गेल्यावर माझ्या दारासमोरची खुंटी मीच उपटली आणि चुलीत घातली.

नळाचं खरंच होतं. पण ते लोक लवकर परत आले नाहीत. बाजाराच्या बाजूला नळ त्याच उन्हाळ्यात आला, आमच्याकडे त्याच्या पुढच्या. तोवर आम्ही विहिरीचंच पाणी ओढलं. घागरी उचलताना बाया कमेटीला शिव्या देत, आणि मीही देत असे.