जंतांच्या वड्यांचं हळदीकुंकू

कल्याणला सासरी येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. तेराव्या वर्षात होते. सासरे मामलेदार कचेरीत कारकून. कामानिमित्त ठाण्याला त्यांचं जाणंयेणं असे. जाऊबाईंची तिन्ही मुलं झोपेत करकर दात खात, दिवसभर हादडत, आणि तरी काटक्या त्या काटक्याच. शेजारच्या वैद्यबुवांचं वावडिंग देऊन पाहिलं, ते मुलांनी तुळशीपाशी थुंकलं. शेवटी सासऱ्यांनी ठाण्याच्या एका नव्या डॉक्टरांकडून जंतांवरचं औषध आणलं. पोरांनी मुकाट्यानं घ्यावं म्हणून डॉक्टरांनी साखरेत घालून त्याच्या पांढऱ्याशुभ्र वड्या पाडल्या होत्या. सण आटोपल्यावर सांगू, म्हणून सासऱ्यांनी डबा फडताळात ठेवला आणि गप्प राहिले. सुनांसमोर जंत हा शब्द काढायचा कसा, हीच अडचण असणार.

हे सगळं मला मागाहून कळलं. नाहीतर पुढचं घडलंच नसतं.

त्या दिवशी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आळीतल्या पंधरा-सोळा बायका जमल्या. आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं, आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, फडताळातले बत्तासे आण."

बत्ताशांना मुंग्या लागल्या होत्या. मुंग्यांचे बत्तासे न्यावेत तर बोलणी बसणार, रिकाम्या हातानं जावं तर तीच. तेवढ्यात शेजारचा डबा दिसला. उघडला तर आत सुरेख वड्या! एक चाखली. गोड होती, मागून किंचित कडवट. खात्री करून घेण्यासाठी आणखी तीन खाल्ल्या, आणि बाकीच्या तबकात रचून बाहेर नेल्या.

सासूबाई तबकाकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं, आपल्या यजमानांनी आपल्यासाठी गुपचूप आणल्या. त्या चक्क लाजल्या. "ठाण्याच्या आहेत बरं का," असं सांगत प्रत्येकीला दोन-दोन, आग्रहानं तीन-तीन दिल्या. वैद्यबुवांची बायको, आमच्या वैद्यीणकाकू, यांनी चार खाल्ल्या आणि दोन पदराला बांधल्या.

मग गाणी झाली, उखाणे झाले. उन्हं उतरायला लागली आणि वैद्यीणकाकू डोळे चोळत म्हणाल्या, "अगं, गौरीचं पांढरं वस्त्र पिवळं कुणी केलं?"

पाहते तो खरंच! वस्त्र पिवळं, भिंत पिवळी, दारातली रांगोळीसुद्धा पिवळी. हळदीची वाटी लवंडली की काय, म्हणून मी जमीन चाचपायला लागले.

वैद्यीणकाकूंनी जाऊबाईंची हनुवटी धरली. "बाई, तुला कावीळ झालीय! डोळे बघ कसे झालेत!"

"मला? अहो, तुमचेच बघा आधी!"

मग काय विचारता! जी ती दुसरीच्या पापण्या ओढून बघतेय आणि किंचाळतेय. सगळ्यांना एकदम कावीळ! एकीनं आरसा मागितला, त्यात पाहिलं आणि मटकन खाली बसली.

सासूबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "कावीळ अशी पंगतीनं होत नसते. गौर हळदीनं न्हाली आहे. नमस्कार करा!" पंधरा-सोळा कपाळं जमिनीला टेकली. माझंही टेकलं. अंगावर काटा आला होता.

नेमके तेव्हाच सासरे कचेरीतून आले. पांढरं धोतर, पांढरा अंगरखा. एक पिकल्या केसांची सुवासीण त्यांना पाहून हात जोडून उठली. "पितांबर नेसून आले हो! साक्षात नारायण!" आणि तिनं त्यांचे पाय धरले. पाठोपाठ आणखी दोघींनी धरले.

सासरे भिंतीला चिकटले. बिचाऱ्यांना पाय सोडवून घेता येईना. तेवढ्यात त्यांचं लक्ष तबकाकडे गेलं. त्यात एकच वडी उरली होती. त्यांचा चेहरा, माझ्या डोळ्यांना तो पिवळा दिसत होताच, आणखी उतरला.

"जरा आत ये," ते सासूबाईंना म्हणाले.

माजघराच्या दाराशी मी कान लावला. "जंतांचं… पोरांचं… डॉक्टर म्हणाले होते, थोडा वेळ पिवळं दिसेल… सकाळी वर एरंडेल द्यायचं…" आता माहेरी पाठवणार, याबद्दल मला शंका उरली नव्हती.

सासूबाई बाहेर आल्या त्या पदर सावरून, अगदी शांत. म्हणाल्या, "गौरीचा कौल झाला आहे. उद्या पहाटे प्रत्येकीनं अनशापोटी पळीभर एरंडेल घ्यायचं. कुणाशी बोलायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही."

कुणी विचारलं नाही.

मला मात्र स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "किती खाल्ल्यास?"

"चार."

"मग तुला दोन पळ्या." आणि एवढं बोलून त्यांना असं हसू फुटलं की त्या चुलीपुढे बसल्या आणि तोंडात पदर कोंबून बराच वेळ हलत राहिल्या. सासूबाई हसतात हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीच्या मागल्या वाटेवर एवढी वर्दळ होती की काय सांगू! तांब्या घेतलेल्या बायका एकमेकींकडे न बघता, मौन पाळत, भराभरा जात होत्या. काही तर दोनदोनदा.

आठवड्यानं वैद्यीणकाकू आल्या. पोट हलकं झालं, भूक लागतेय, म्हणाल्या. मला वाटलं, गौरीचं नाव घेतील. पण घरी वैद्यबुवांनी याचं श्रेय त्यांना रोज देत असलेल्या आपल्या वावडिंगाच्या खात्यावर मांडलं होतं, आणि त्याची एक मोठी पुडी त्या आमच्या मुलांसाठी घेऊन आल्या होत्या.