सोफ्यावरची भूमिका

माझ्या भाच्याला नाटकात मित्र मिळाले, ही बातमी ताईने मला ज्या आवाजात सांगितली, त्या आवाजात लोक घराला वाळवी लागल्याचं सांगतात.

भाचा चोवीस वर्षांचा. चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात कामाला. सोमवार ते शुक्रवार आठ-आठ तास यंत्रासमोर उभा. शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो तेव्हा पाय सुजून बुटातून निघत नाहीत. शनिवार-रविवार हे आडवं पडण्यासाठीच असतात, असं त्याचं ठाम मत. या बाबतीत तो माझ्यावर गेलाय, असं ताई म्हणते. कौतुकाने म्हणत नाही.

तर या दोन दिवसांवर एका हौशी नाट्यसंस्थेने धाड घातली. संस्था म्हणजे काय, तर आठवडाभर ज्यांना कोणी विचारत नाही अशी दहा माणसं, शनिवार-रविवारी एकमेकांना विचारण्यासाठी जमलेली. दिग्दर्शक मोटार चालवायला शिकवण्याचे वर्ग घेतो. नट चुकला की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. नायक बँकेत आहे. प्रत्येक नाटकात नायक तोच, कारण कोट त्याच्याकडे आहे. तिसरा 'डॉक्टर'. हा टायर विकतो; पण वीस वर्षांत डॉक्टरखेरीज दुसरी भूमिका केली नाही, त्यामुळे शेजारीपाजारी आता ताप आला की याला विचारतात. हा सांगतोही.

दहाही जण एकमेकांचे जिवलग. इतके जिवलग, की तालमीला गैरहजर राहायची कोणाची छाती होत नाही, कारण जो नसतो त्याच्याबद्दल बोललं जातं. कोणी चहाचे कप आणायला आत गेला, तर तो बाहेर येईपर्यंत त्याच्या आवाजाचं, चालण्याचं आणि बायकोचं काही शिल्लक उरत नाही. आणि तो आला की सगळे एका सुरात, "अरे, आत्ता तुझाच विषय चालला होता!" संस्थेत खरं बोलण्याचा हा एकमेव प्रसंग.

या संस्थेची स्थावर-जंगम मालमत्ता म्हणजे एक सोफा. तीन माणसांचा, शेवाळी रंगाचा, मागचा डावा पाय स्क्रूने बसवलेला. यांची सगळी नाटकं दिवाणखान्यात घडतात ती लेखकांच्या आवडीमुळे नव्हे, या सोफ्यामुळे. नियम असा, की दर महिन्याला सोफा एकेका सभासदाच्या घरी जायचा. ज्याच्या घरी सोफा, त्याच्या घरी तालीम, चहाही त्याचाच. भाचा सभासद झाला त्या महिन्यात सोफा ताईकडे आला, आणि मग त्याला पुढचं घर मिळेना. नायकाच्या घरी रंगकाम निघालं. डॉक्टरच्या सासूबाई मुक्कामाला आल्या. दिग्दर्शकाने कळवलं, की आमचा जिना अरुंद आहे.

"मागच्या वर्षी नव्हता का अरुंद?" ताईने विचारलं.

"आई, असं काय बोलतेस? माझे मित्र आहेत ते," भाचा म्हणाला आणि सोफ्यावर आडवा झाला.

दीड वर्ष झालं. तालमीआधी शनिवारी-रविवारी दुपारी तो त्या सोफ्यावर इतका झोपला, की गादीत त्याच्या अंगाचा खड्डा पडला. दुसरं कोणी बसलं की घरंगळून त्यातच जायचं.

आतापर्यंत संस्थेने त्याला दोनदा ट्रे घेऊन जायला दिला होता आणि एकदा पोस्टमन केला होता. यंदा मात्र खरी भूमिका मिळाली. आजारी बाप सोफ्यावर डोळे मिटून पडलाय, त्याला काही कळत नाही असं समजून मुलं त्याच्यादेखत एकमेकांची अंडीपिल्ली बाहेर काढतात, आणि शेवटी बाप डोळे उघडून म्हणतो, "मी सगळं ऐकलंय." पडदा.

"मामा, नाटकाचं शेवटचं वाक्य माझं आहे!"

"आणि त्याआधी?"

"त्याआधी दीड तास आडवा."

"मग चोवीस वर्षं तालीमच चाललीय की तुझी."

प्रयोगाला तीन आठवडे असताना तो माझ्या खोलीवर आला तो चेहरा पाडूनच. रविवारच्या तालमीत चहाची सुट्टी झाली होती. दिग्दर्शकाने बजावलं होतं, भूमिकेतून बाहेर यायचं नाही, म्हणून हा शहाणा तसाच डोळे मिटून पडून राहिला. वर उभे राहून नायक आणि डॉक्टर चहा पीत होते.

डॉक्टर म्हणाला, "झोपला वाटतं."

नायक म्हणाला, "झोपू दे रे. त्याचा अभिनय कोणाला हवाय? सोफा त्याच्याकडे आहे तोवर सांभाळायचं. उद्या त्याला काढलं, तर हे सोफ्याचं धूड ठेवणार कोणाच्या घरी?"

आणि डॉक्टर हसला.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काही नाही. डोळे मिटलेलेच ठेवले. बाप आहे ना मी." मग म्हणाला, "मामा, ते माझे मित्र आहेत की सोफ्याचे, एवढंच मला कळायला हवं. प्रयोगात शेवटचं वाक्य मी नायकाच्या डोळ्यांत बघून म्हणणार."

"दहा ठोंब्यांत एखादा मित्र शोधतोयस, त्यापेक्षा झोप काढ."

तेच तर जमेना. त्या दिवसापासून तालमीखेरीज त्याने सोफ्याला पाठ टेकवली नाही. तालमीत पडायचा तो ताठ, डोळे मिटून, कान टवकारून. एरवी जमिनीवर चटई टाकायचा आणि छताकडे बघायचा. तालमी धरून तीन आठवडे असे उताणे गेले आणि प्रयोगाचा शनिवार उजाडला.

नाट्यगृहात नटांचे नातेवाईक होते आणि नटांशी नातं असल्याचं नाकारणारे थोडे लोक होते. पडदा उघडला. सोफ्यावर भाचा. हमाल लावून सोफा इथे आणायचं आणि रात्री घरी परत न्यायचं कामही त्याच्याच गळ्यात. वर पिवळे, उबदार दिवे, खाली त्याच्याच मापाचा खड्डा. दहा मिनिटांत ताईने माझ्या कुशीत कोपर खुपसलं.

"झोपला."

"अभिनय करतोय."

"मी आई आहे त्याची. झोपलाय तो."

मुलं भांडली, रडली, एकमेकांच्या अंगावर धावून गेली. डॉक्टरने नाडी बघितली आणि नेहमीप्रमाणे मान हलवली. शेवटी नायक टाहो फोडून म्हणाला, "बाबांना आता काहीच कळत नाही!"

शांतता.

दिग्दर्शकाने या मंडळींना शांततेचं वेड लावून ठेवलं होतं. वाक्याआधी जेवढं थांबाल तेवढे मोठे नट, ही त्याची शिकवण. त्यामुळे अर्धं मिनिट गेलं तरी कोणालाच शंका आली नाही. हा आपल्यापेक्षा मोठा नट व्हायला बघतोय, एवढाच राग आला. पाऊण मिनिटाला पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. एक मिनिट झालं आणि बापाने घोरायला सुरुवात केली.

विंगेतून वाक्य पुरवणाऱ्याने "मी सगळं ऐकलंय" हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. फक्त सोफ्यापर्यंत पोचलं नाही. अखेर नायक वाकला, खांदा गदगदा हलवला आणि वीस वर्षांत प्रथमच स्वतःच्या मनाने एक वाक्य बोलला:

"बाबा! बाबा, तुम्ही... तुम्ही सगळं ऐकलंत का?"

भाच्याने डोळे उघडले. समोर नायकाचा चेहरा. अर्धवट झोपेत आपण कुठे आहोत हे त्याला कळेना. प्रश्न मात्र नीट कळला.

"हो," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. चहाच्या वेळी."

नायकाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. असा अभिनय त्याने त्याआधी केला नव्हता, पुढेही करणार नाही. डॉक्टरच्या हातातली बॅग पडली. पडदा पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

रंगपटात मी ताईबरोबर गेलो, तर तिथे सुतक. ऐकलं होतं भाच्याने एकच वाक्य, पण 'सगळं' म्हटल्यावर प्रत्येकाला आपापलं आठवलं. एकेक जण येऊन त्याला बाजूला घेऊ लागला. नायिका म्हणाली, "तुझ्या अंगाला काचेच्या भुकटीचा वास येतो असं मी म्हणाले, ते थट्टेत हं." डॉक्टर म्हणाला, "मी नुसता हसलो. तुझ्या चालण्याची नक्कलसुद्धा आधी दुसऱ्यानेच केली." दिग्दर्शक म्हणाला, "याच्याकडून ट्रेसुद्धा काढून घ्या असं मी म्हणालो, पण ते निव्वळ तंत्राच्या दृष्टीने." दाढीमिशा उतरेपर्यंत भाच्याच्या माहितीत सात अपमानांची भर पडली. जगात एवढी मूर्ख माणसं एकाच खोलीत मी कधी बघितली नव्हती. नायक तेवढा आला नाही. कोपऱ्यात पाठ करून कोटाची बटणं काढत बसला होता.

भाचा उठला. "उद्या सकाळी सोफा घेऊन जा," एवढंच म्हणाला.

रविवारी मी ताईकडे असतानाच नायक, डॉक्टर आणि दिग्दर्शक आले. भाचा आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दीड वर्षातला पहिला मोकळा रविवार, आणि डोळे टक्क उघडे. बाहेर सोफा दारात अडकला होता.

"तिरका कर!"

"तिरकाच आहे!"

"मग सरळ कर!"

दिग्दर्शकाने ब्रेक दाबला, नायकाचं बोट चौकटीत सापडलं. थोड्या वेळाने तो बोट चोखत आतल्या दाराशी आला. अंगात कोट नव्हता. कोटाशिवाय हा माणूस अगदीच बँकेतला दिसतो.

"निघत नाहीये," तो म्हणाला.

भाच्याने पांघरूण कानावर ओढलं.

"माझ्याकडे नेतोय. रंगकाम वगैरे काही नव्हतं कधी." तो पुन्हा बोट चोखू लागला. "शनिवारी चार वाजता तालीम. माझ्या घरी. चहा माझा."

"मग सांगतोयस कशाला?"

"तू ये म्हणून."

बस, एवढंच. माफी नाही, गळाभेट नाही. त्याच्या जागी मी असतो तर उशी फेकून मारली असती. पण भाचा उठून बसला. सुजलेले पाय चपलांत सरकवत म्हणाला, "मागचा डावा पाय काढावा लागतो आधी. स्क्रू आहे. दीड वर्ष येताय घरी, एवढं माहीत नाही?"

सोफा दोन मिनिटांत बाहेर. आवाज जिन्यावरून खाली गेले. दिवाणखान्यात फरशीवर पायांचे चार ठसे तेवढे राहिले. ताई स्वयंपाकघरातून आली ती कपाळाला हात लावून. रविवारच्या सवयीने तिने दहा कप चहा टाकला होता.

"आता हा कोण पिणार?"

मी खिडकीतून बघितलं. रस्त्याच्या कडेला सोफा, तीन पायांवर, चौथ्याच्या जागी वीट. तिघांच्या जागेत चौघं बसलेली आणि मधल्या खड्ड्यात घरंगळून एकमेकांवर कलंडलेली. दिग्दर्शक हातवारे करत होता. पुढच्या नाटकात भाच्याला पोलीस करायचं ठरत होतं. दोन्ही अंक उभा. आणि ते येडं मान डोलवत होतं.

चहा फुकट जाईल म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, मी ट्रे घेऊन खाली गेलो.

"वा मामा," नायक कप उचलत म्हणाला, "ट्रे छान धरता हो तुम्ही!"

रिकामा ट्रे घेऊन मी परत फिरलो. जिन्याच्या वळणापर्यंत गेलो असेन नसेन, तोच मागून चौघांचं हसणं ऐकू आलं. त्यात भाच्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.