टाकीतली शिंगटी

अख्ख्या नेरूळमध्ये नळाच्या पाण्याशी उभा दावा मांडलेला माणूस एकच, आमच्या तळमजल्यावरचे काका. मूळचे तळवलीचे. सोसायटीत आल्यापासून यांना एक घोट पसंत पडला असेल तर शपथ! पेला खिडकीपाशी उजेडात धरायचे, घोट तोंडात घोळवायचे आणि निकाल द्यायचे, "आज पानी रुसलाय." लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा वधूवरांच्या आधी चौकशी विहिरीची. त्यांच्या गावी विहिरीत मासा सोडायची रीत. तो किडे खातो, पाणी निवळशंख राहतं. "पान्यान जीव नाय त ते पानी मेलेला," हे त्यांचं ठाम मत. आम्ही ऐकायचो आणि हसायचो.

ब्याण्णव साली, गच्चीवरची टाकी धुवायच्या दिवशी, सकाळीच काका बादली घेऊन माझ्या दारात. "मास्तर, चला लवकर. आपली पोर टाकीत हाय!"

मी तसाच अनवाणी जिना चढलो. वर जाऊन बघतो तर पोर म्हणजे बोटभर शिंगटी मासोळी! मिशा हलवत तळाशी निवांत बसलेली. ब्लीचिंग पावडर पडायच्या आत तिला काढायची होती. मी शहाण्यासारखा हात घातला आणि तिच्या काट्याने असा प्रसाद दिला की दोन दिवस बोट ठणकत होतं. शेवटी काकाच लुंगी खोचून आत उतरले आणि तिला बादलीत घेऊन वर आले.

एवढ्यात आमचे सेक्रेटरी वर आले. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा वर्ज्य. "म्हणजे वर्षभर मी माशाच्या पाण्याने देव धुतले?"

"मंग? पोट बिघडला का कोनाचा?" काका म्हणाले, आणि एकदम खालीच बसले. गेल्या वर्षी गावची विहीर बिल्डिंगसाठी बुजवली, तेव्हा एवढा एकच जीव त्यांच्या हाती लागला होता; तो त्यांनी गुपचूप आमच्या टाकीत आणून सोडला होता. "कुठं सोडू हिला? एक विहीर नाय ऱ्हायली."

"घरी ठेवा की," मी म्हटलं.

"आमच्या घरान? बायको तवा तापवून बसंल!" आणि त्यांनी बादली सरळ सेक्रेटरींपुढे धरली. "तुमच्याकडंच जगंल ती. तुमी खात नाय."

बिचाऱ्या माळकऱ्याला नाही म्हणवेना. त्यांच्या मोरीतल्या पिंपात शिंगटी राहिली, आणि काका रोज संध्याकाळी दोन मजले चढून तिला बघून यायचे.

चार वर्षांनी काका गेले. फार चुटपुट लागली. दहाव्याहून परतताना मी सेक्रेटरींकडे डोकावलो. त्यांनी पिंपातून पेला भरला आणि खिडकीपाशी उजेडात धरला.

"मास्तर," ते म्हणाले, "आज पाणी रुसलंय हो."