प्रोसेसरवरचा पातळ थर

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की मला सुनेच्या कम्प्युटरचा तो दिवस आठवतो. नांदुऱ्याला स्टेशनजवळ आमचा पानठेला आहे आणि विडे मी घरी लावून देते. सुनेला लग्नाची फिल्म बनवायचं पहिलंच काम मिळालं होतं आणि संध्याकाळी नवरीकडचे ती न्यायला येणार होते. जुना कम्प्युटर फार हळू चाले, म्हणून तिने मोबाइलवर बघून त्याच्या प्रोसेसरचा वेग वाढवला. तो तापू नये म्हणून वरचा पंखा काढून त्याच्याखाली, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी नवी पांढरी पेस्टही लावली. तरी दहा मिनिटांत तापून सगळं बंद पडायचं. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर तिने डोकंच धरलं. तिने पंखा पुन्हा उचलला तेव्हा मी मागून डोकावले. हळूच म्हणाले, "बाई, जुना थर वाळून बसला हाय, त्याच्यावरच थापलं तू. काऊन नाही तापणार?" हे हसले, "तुले काय समजते त्यातलं? पानठेला हाय का थो?" मी मागे सरकले, पण सून म्हणाली, "आई, तुम्हीच लावा." मी जुनं सगळं पुसून काढलं आणि पानाला चुना लावते तशी नवी पेस्ट बोटाने अगदी पातळ फिरवली. मग वाढवलेल्या वेगावर तो कम्प्युटर चार तास चालला, एकदाही बंद पडला नाही. पाहुणे आले तेव्हा फिल्म तयार होती. आता कोणताही कम्प्युटर उघडला की सून पेस्टची नळी माझ्या हातात देते, आणि हे बाजूला उभे राहून उजेडासाठी बॅटरी धरतात.