एरंडेल विरघळेना

भटू मिस्त्रीला इंजिन बघावं लागत नसे, ऐकावं लागे. चोपड्याकडच्या केळीच्या मळ्यात विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं की माणूस जळगावला त्याच्या ओट्यावर येऊन उभा राही, आणि भटू त्याला पहिली गोष्ट सांगे, "आवाज काढून दाखव."

"माझा?"

"इंजिनाचा. बंद पडताना कसं बोललं ते."

मग भलेभले बागायतदार ओट्यावर उभे राहून तोंडानं डुग-डुग-डुग-फस्स करून दाखवत. गल्लीतल्या बाया दाराआडून तोंडाला पदर लावत. भटू हसत नसे. डोळे मिटून ऐके आणि म्हणे, "डिझेलच्या नळीत हवा शिरली," नाहीतर, "तुझं फस्स लांब आहे. व्हॉल्व्ह बसत नाही." मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघे.

एकोणीसशे एकोणसाठच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे जे इंजिन आलं ते मात्र मुठीत मावणारं होतं. जिनिंग फॅक्टरीवाल्या शेठजींचा पुतण्या रुपचंद विलायतेतून शिकून आला, तो हातभर लांबीची लाकडी नाव आणि एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीला उंच तार होती. काठावर उभं राहून पेटीवरचं बटण दाबलं की पाण्यातली नाव आपोआप वळे. लोक म्हणत, रेडिओनं वळते. पण वळायला ती आधी पळायला हवी, आणि तिचं इंजिन रुपचंदच्या हाताला काही केल्या दाद देईना.

"मिस्त्री, याचं पिणं वेगळं आहे," रुपचंद म्हणाला. "तीन भाग मिथिल स्पिरिट, एक भाग एरंडेल, आणि या शिशीतला विलायती अर्क थोडासा."

"एरंडेल? शेठ, याला जुलाब होतील."

"याचं वंगण तेच. दुसरं कुठलं तेल स्पिरिटात विरघळत नाही. आणि स्पिरिटाला जपा. विष आहे. हाताला लागलं तरी धुऊन टाका."

भटूनं मान डोलावली. त्याचं लक्ष इंजिनाच्या बाजूला असलेल्या बारीक सुईकडे होतं. सुई आत फिरवली की पिणं कमी, बाहेर फिरवली की जास्त. पिणं जास्त झालं की इंजिन घोगरं बोले, धूर टाके, सुस्त पळे. सुई आत नेत गेलं की आवाज उंच उंच चढे आणि एका जागी तो असा स्वच्छ लागे की अंगावर काटा यावा. अडाणी माणूस तिथेच थांबेल. भटूला आठवडाभरात कळलं की तिथे थांबायचं नाही. त्या जागेवरून सुई केसभर मागे घ्यायची, कारण पाण्यात पळता पळता इंजिन तापतं, त्याची तहान वाढते, आणि काठावरचा सुरेल आवाज तलावाच्या मध्यावर घशात अडकतो. तो चालत्या इंजिनाची रबरी नळी चिमटीत क्षणभर दाबून बघे. दाबल्यावर आवाज थोडा चढून मग पडला तर बेत बरोबर. नुसताच पडला तर सुई अजून मागे.

"तुम्ही याला गाणं शिकवताय," रुपचंद म्हणायचा.

"गाणं नाही शेठ. कुठे श्वास घ्यायचा तेवढं सांगतो."

अडचण एकच होती, स्पिरिटाची. दारूबंदीचे दिवस. परवाना फॅक्टरीच्या नावावर होता, आणि बाटली मिस्त्रीच्या घरात. त्या गल्लीत पोलीस महिन्यातून एकदा तरी दारं वाजवत, सळया घालून उकिरडे उपसत. भटूनं आजवर दारू घरात आणली नव्हती, त्यामुळे लपवायची कुठे हेही त्याला माहीत नव्हतं. मग लोक लपवतात तिथेच त्यानं ती लपवली: ज्वारीच्या कोठीत, दाण्यांत गळ्यापर्यंत पुरून. बायको माहेरी होती. कोणाला काही सांगायचा प्रश्नच आला नाही.

चैत्राच्या शेवटी मेहरूणच्या तलावावर शर्यत ठरली. धुळ्याच्या एका कारखानदाराची नाव येणार होती, नाशिकहून एक येणार होती. भटूनं भडगावाकडे निरोप धाडला आणि आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्याचा थोरला भाऊ चुडामण आणि वहिनी धुरपदाबाई येऊन उतरले.

चुडामणला गावात सगळे नाना म्हणत. गळ्यात तुळशीची माळ, पंचायतीच्या दारूबंदी कमिटीचा अध्यक्ष. गावातल्या दोन भट्ट्या त्यानं स्वतः उभं राहून फोडायला लावल्या होत्या. भटू मिसरूड फुटायच्या वयात एकदा शिंदी पिऊन घरी आला, तर याच भावानं त्याला गोठ्यात बैलाच्या दावणीला सकाळपर्यंत बांधून ठेवला होता. भटू त्याच्यापुढे अजून विडी ओढत नसे.

त्या दुपारी भटू तलावावर शर्यतीचे खांब रोवायला गेला, धुरपदाबाई शेजारी पापड लाटायला बसल्या, आणि चुडामण घरात पडून राहिला.

सकाळी काठावर जत्रेसारखी गर्दी. ऊन आठ वाजताच डोळ्यांत खुपत होतं. भटूनं फडक्यावर सगळं मांडलं, काचेच्या भांड्यात स्पिरिट मोजलं, एरंडेल ओतलं आणि ढवळलं.

एरंडेल विरघळेना.

रोज ते पाण्यात साखर जावी तसं जायचं. आज भांड्यात ताकासारखं पांढुरकं काहीतरी झालं, आणि ढवळणं थांबवलं की खाली जाड थर बसायला लागला.

"तेल्यानं शेंगदाण्याचं मिसळलं," भटू म्हणाला. "त्याच्या घाण्यात घालतो त्याला."

"कालच्याच बाटलीतलं तेल आहे ना?" रुपचंदनं विचारलं.

भटूनं बाटली उजेडात धरली. कालच्याच बाटलीतलं होतं, आणि काल विरघळलं होतं.

तरी त्यानं ते टाकीत भरलं, प्लगला बॅटरी लावली, दोरी ओढली. इंजिन लागलं, खोकलं, विझलं. पुन्हा लागलं. सुई आत घेतली, बाहेर घेतली. कुठेच तो स्वच्छ स्वर नव्हता. मधेच एक ठसका, मधेच थुंकल्यासारखा आवाज. रोज इंजिन लागलं की प्लग आपोआप तापलेला राही; आज बॅटरी काढली की गार. धुळ्याच्या नावेचा माणूस लांबून ओरडला, "मिस्त्री, तुमच्या नावेला पडसं झालं का?" लोक हसले.

भटू डोळे मिटून ऐकत होता. हा आवाज त्याला ओळखीचा होता. पावसाळ्यात विहिरीवरच्या डिझेलच्या पिंपात पाणी उतरतं, तेव्हा मोठं इंजिन असंच बोलतं.

"पाणी आहे," तो हळूच म्हणाला. "स्पिरिटात पाणी आहे शेठ."

"बुचाची बाटली, कोठीत पुरलेली. पाणी कुठून जाईल?"

बाटलीतलं थोडं काढून घ्यावं आणि कळू नये म्हणून तेवढंच पाणी ओतून ठेवावं, ही रीत त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती.

शेजारी बाभळीच्या सावलीत चुडामण बसला होता. सकाळपासून त्याचं डोकं धरलं होतं, एकदा ओकूनही आला होता. गाडीचा प्रवास बाधला, असं धुरपदाबाई म्हणाल्या होत्या. तो कपाळावर हात धरून तलावाकडे बघत म्हणाला,

"आज धुई भलती पडनी ना रे भटू. नाव कोठे शे?"

भटूनं वर पाहिलं. धुकं कुठेच नव्हतं; तलाव आरशासारखा लखलखत होता. पलीकडच्या काठावरच्या म्हशीची शिंगंसुद्धा मोजता आली असती. नाव चुडामणच्या पायाशी, हातभर अंतरावर होती.

भटूच्या हातातला पाना पाण्यात पडला. रुपचंदचा चेहरा त्याच्या आधी पांढरा पडला होता.

"दादा," भटू शेवटी म्हणाला, "काल कोठीतली बाटली तू घेतलीस?"

"कसानी बाटली?"

"खरं सांगी दे."

"भटू, तू कोनासंगे बोली र्‍हायना? मी माळकरी मानूस शे." चुडामण उठायला गेला आणि बाभळीच्या खोडावरच आपटला. समोरचं खोड त्याला दिसलं नव्हतं.

रुपचंदनं मोटार थेट काठापर्यंत आणली. शर्यतीचं कोणी नाव काढलं नाही.

सिव्हिल हॉस्पिटलात डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड चुडामणच्या डोळ्यांत मारला. बाहुल्या मोठ्याच्या मोठ्याच राहिल्या. वार्डात दोन्ही बाजूंना खाटा, खाटांवर माणसं, त्यांचे नातेवाईक. सगळे इकडेच बघत होते.

"काय प्यायलात?"

"पानी."

"नाना, ते मिथिल, म्हणजे लाकडाचं स्पिरिट असेल तर तासागणिक डोळे जातील. नंतर श्वास. मला कळलं पाहिजे."

"पानी पिधं मी. बठ्ठा गावले इचारा."

डॉक्टरांनी भटूकडे पाहिलं. भटूनं धुरपदाबाईंकडे. त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या,

"भटूभाऊ, काल दुपारले मी मीठ लेवाले घरात उनू. यासनी माळ खुंटीवर व्हती."

"मग?"

"पितांना काढी ठेवतस. माळ गळामा ऱ्हायनी म्हंजे मी समजस, आज नही. खुंटीवर दिसनी म्हंजे समजस, आज शे."

"कधीपासून, वहिनी?"

"माळ घाली तवयपासून."

ज्या हातांनी भटूला दावणीला बांधलं होतं ते हात खाटेच्या कडेला पडले होते, आणि त्यांची बोटं आता चादरीत काहीतरी चाचपत होती. राग यायला हवा होता. आला नाही. भटूला नुसतं काहीच कळेनासं झालं.

डॉक्टरांना मात्र वेळ नव्हता. ते म्हणाले, "मग यांना दारूच पाजावी लागेल."

वार्डात कोणीतरी खुदकन हसलं आणि मग एकदम शांत झालं.

"थट्टा नाही. चांगली दारू पोटात गेली की शरीर आधी ती पचवत बसतं, आणि या विषाला तसंच बाहेर पडायला वाव मिळतो. ब्रँडी कुलपात आहे, औषधाची. सिस्टर, किल्ली. आणि मिस्त्री, किती प्यायले याचा अंदाज मला द्या."

सिस्टर ब्रँडी घेऊन आली. चुडामणनं वास घेतला आणि तोंड घट्ट मिटलं. धुरपदाबाईंनी पेला ओठांना लावला, त्यानं मान भिंतीकडे वळवली.

"मरी जाऊ द्या माले," दातांतून तो म्हणाला. "लोकसमोर नही."

"दादा, लोक तुला दिसत तरी आहेत का?" भटूच्या तोंडून गेलं.

चुडामणच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी येत होतं.

भटू खाटेच्या कडेला टेकला. रोज ओट्यावर आलेल्या माणसाशी बोलायचा तसं, साध्या आवाजात म्हणाला, "हे बघ. मी तुला प्यालास का म्हणून विचारत नाही. माझ्या बाटलीत पाणी किती गेलं तेवढं मला हवं. मिस्त्री माणूस आहे मी, मला माप लागतं. तोंडानं बोलू नको."

मग चुडामणचा उजवा हात चादरीवरून उठला. त्यानं दोन बोटं आडवी धरली, एकावर एक, बाटलीच्या अंगाला लावावीत तशी. हात तसाच अधांतरी राहिला, वार्डभर सगळ्यांना दिसेल असा, आणि मग खाली पडला.

"दोन बोटं," भटू डॉक्टरांना म्हणाला.

चुडामणनं ओठ किंचित उघडले. "माळ काढी ले," तो बायकोला म्हणाला.

"र्‍हाऊ द्या गळामा," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि पेला कलता केला.

ठरल्या वेळेला पेला, पुन्हा पेला, सोड्याचं पाणी, आणि उजेड लागू नये म्हणून डोळ्यांवर पट्टी. दारूबंदी कमिटीचा अध्यक्ष सिव्हिल हॉस्पिटलात दोन दिवस सरकारी खर्चानं झिंगून पडला होता आणि झिंगेत अभंग म्हणत होता. वार्डातले लोक आधी तोंड लपवून हसले. नंतर हसेनासे झाले.

रुपचंद दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्यानं चाचरत विचारलं, "मिस्त्री, नाव पुन्हा...?"

"चालवू शेठ. पण स्पिरिट तुमच्या घरी राहील. मी तिथे येऊन सुई लावीन. बाटलीवर हाडकांचं चित्र काढा, मोठं." तो थांबला. "दादा आला तेव्हाच मी म्हणालो असतो, घरात विष आहे, हात लावू नका, तर हे टळलं असतं. लाज वाटली. स्पिरिटाची बाटली आहे हे दादाला सांगायची लाज वाटली."

पाचव्या दिवशी डोळ्यांवरची पट्टी निघाली. श्वास मोकळा होता, जीव वाचला होता. डॉक्टर बाजूला झाले. भटू स्टूल ओढून भावाच्या अगदी समोर बसला, गुडघ्याला गुडघा लावून.

"दादा, दिसतं का?"

चुडामण त्याच्याकडे बघत होता. बघतच होता. त्यानं हात पुढे केला, भटूच्या गालावर ठेवला, आणि गोंधळल्यासारखा मागे घेतला.

"तुन्हा कान दिसतस," तो म्हणाला. "खांदा दिसतस. मधमा काहीच नही. तोंड नही तुले."

"थोडं थांबा, सुधारेल," डॉक्टर म्हणाले. पण ते भटूकडे बघत नव्हते.

भटू उठला. स्टूल उचललं, खाटेला वळसा घालून भावाच्या उजव्या अंगाला नेलं आणि कानाजवळ, कडेला बसला. चुडामणनं मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून हळूहळू त्याला शोधलं.

"इकडे दिसतो?"

"हां," चुडामण म्हणाला. "आते दिसना. दाढी कर रे. कसा झाला तू."