पंख्याविना संगणक

हवानातल्या त्या एका खोलीत युसिमीची दमेकरी लेक मालिका बघता बघता झोपायची आणि जुन्या संगणकाच्या घरघरीत तिचा श्वास युसिमीला ऐकूच यायचा नाही. तिने आवाज न करणारा संगणक जुळवायचं ठरवलं, पण पैसे बेताचेच होते. म्हणून तिने वेगवान ग्राफिक्स कार्डाचा मोह सोडला. कमी तापणारा जुना प्रोसेसर, त्यावर उष्णता शोषून घेणारा ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा आणि न फिरणारी डिस्क निवडली.

"पंखाच नको? घराचं कबरस्तान करतेस की काय, युसी!" सुटे भाग विकणारा एव्हेलिओ हसला.

दुपारी तिने यंत्र जोडलं, आठवड्याच्या मालिका दुकानातून डिस्कवर भरून आणल्या आणि बटण दाबलं. यंत्र मुकाट सुरू झालं. झोपलेल्या लेकीचा श्वास स्पष्ट ऐकू आला. मग पलंगाखालून दुसरा, संथ.

"आई," लेक डोळे न उघडता म्हणाली, "आता तुलाही ऐकू येतो ना?"