सहीच्या जागेची फुली

सांगलीच्या गणपती पेठेत एका हळदीच्या दुकानावर गोपाळकृष्ण केतकर वकिलांचं ऑफिस होतं. जिना चढताना हळदीचा वास नाकात शिरायचा आणि संध्याकाळी पदराला चिकटून घरी यायचा. विनोदिनी लिमये अकरा वर्षं हा वास घरी नेत होत्या. ऑफिसच्या पाटीवर साहेबांचं नाव होतं, पुढे त्यांच्या पदव्या होत्या. विनोदिनीबाईंचं नाव तिथे असायचं काही कारण नव्हतं, कारण त्या टायपिस्ट होत्या. निदान हजेरीपुस्तकात तसं लिहिलेलं होतं.

आता खरं काय ते सांगतो. विनोदिनीबाईंचं माहेर साताऱ्याचं. तिथल्याच लॉ कॉलेजातून त्या एलएल.बी. झाल्या, तेही पहिल्या वर्गात. निकाल लागला त्याच महिन्यात लग्न ठरलं. सनदेचा अर्ज भरून ट्रंकेत ठेवला होता, तो ट्रंकेसकट सांगलीला आला आणि ट्रंकेतच राहिला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्या नऊ वर्षं तशाच होत्या. त्या गेल्यावर घर एकदम रिकामं झालं. यजमान मुकुंदराव बँकेत, त्यांची बदली लोणंदला. ते शनिवारच्या गाडीने यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. मधले पाच दिवस काय करायचं म्हणून बाई टायपिंग शिकल्या आणि केतकर साहेबांच्या ऑफिसात लागल्या.

साहेबांचं काम ट्रेडमार्कचं. पुडीवरचं चित्र आणि नाव आपलं आहे, दुसऱ्या कुणी ते वापरू नये, अशी नोंद मुंबईच्या कचेरीत करून घ्यायची. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी, चहावाले, उदबत्तीवाले, केसांच्या तेलाचे कारखानदार, सगळे त्यांच्याकडे यायचे. पहिलं वर्ष साहेब मजकूर सांगायचे आणि बाई टाईप करायच्या. मग साहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. "विनोदिनीबाई, हे मागच्यासारखंच करून टाका बघू," असं ते म्हणू लागले. मागच्यासारखं म्हणता म्हणता प्रत्येक कागद नवा असायचा, आणि तो बाईच लिहायच्या. ऑपरेशन होऊन साहेबांची नजर स्वच्छ झाली, पण ही सवय काही गेली नाही.

रोज पाच वाजता चहा यायचा आणि चहाबरोबर सहीची फाइल. सही कुठे करायची ते साहेबांना शोधावं लागू नये म्हणून बाई तिथे पेन्सिलीने बारीकशी फुली करून ठेवायच्या. साहेब फुली बघायचे, सही ठोकायचे, पान उलटायचे. त्यांचा चहा निवायच्या आत वीस-वीस कागद उरकायचे. ते गेले की बाई रबर घेऊन फुल्या पुसायच्या.

साहेब वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण माणूस देवगुणी. सासूबाईंच्या श्राद्धाची तिथी त्यांच्या लक्षात असायची, दिवाळीला फराळाचा डबा यायचा, आवाज म्हणून कधी चढला नाही. आणि आपल्या ऑफिसातून जातं ते सगळं आपणच लिहितो, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं. बाईंनाही मनापासून एकच वाटायचं, की एक दिवस ह्या माणसाने सही करता करता थांबावं, चष्मा पुसावा आणि विचारावं, "हे कुणी लिहिलं हो?"

सत्त्याण्णव साली औंधकडचा मानसिंग आला. हा मिलिटरीतून सुभेदार होऊन परतलेला गडी. बायको मनुबाई हिच्या हातची कांदा-लसूण चटणी पुड्यांत भरून विकायचा. लाल पुडी, वर नथ घातलेल्या मनुबाईचं चित्र. धंदा जोरात चालला तसा लोणंदच्या बाजारात कुणीतरी अगदी तशीच लाल पुडी काढली, वर दुसरीच नथवाली बाई. मुकुंदरावांनी तर ती नकली पुडीच हौसेने घरी आणली होती. बँकेत दिवसभर लोकांच्या सह्या पारखणारा माणूस, पण पुडीवरचं नाव काही त्यांनी वाचलं नाही.

मानसिंग साहेबांच्या खोलीत बोलत बसला आणि मनुबाई बाहेर बाकड्यावर. बाईंनी तिला सहज विचारलं, "दुकानात तुमची पुडी लोक कशी मागतात हो?"

"नाव कोन वाचतंय?" मनुबाई म्हणाली. "बायका म्हंत्यात, लाल पुडीवरली नथीची बाई द्या. त्यो मुडदा बी नथीचीच बाई छापतोय. मंग ती बाई मी हाय का दुसरी, ह्ये कोन बघाय जातंय?"

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. गिऱ्हाईक नाव वाचत नाही, खूण बघतं, म्हणून नावं वेगळी असली तरी फसवणूक ती फसवणूकच, हा मुद्दा घेऊन त्यांनी सतरा पानं लिहिली. साहेबांनी फुली बघून सही केली. आठ महिन्यांनी निकाल आला, मानसिंगच्या बाजूने. निकालपत्रात त्या सतरा पानांतली अख्खी दोन पानं उचललेली होती.

नवराबायको पेढे घेऊन आले. मानसिंगने साहेबांना शाल पांघरली. "साहेब, लय भारी लिवलंसा! निस्ती तोफ डागली!" साहेब लाजले. त्यांनी निकाल मराठीत समजावून सांगितला, तशी मनुबाई मध्येच बोलली, "आवं, ह्ये तर मी बाईस्नी सांगितल्यालं. त्या दिशी, हितंच बाकड्यावर."

सगळे हसले. साहेब तर खूपच हसले. जाताना मनुबाई टाईपरायटरपाशी थांबली.

"तुमीच लिवलं न्हवं समदं?"

बाईंनी हळूच होकाराची मान हलवली.

"मंग खाली नाव कुनाचं?"

"साहेबांचं."

"आन् तुमचं? माजं त्वांड तरी हाय पुडीवर," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. बाईंना ते दोन कारणांनी लागलं. एक म्हणजे ती बोलली ते खरं होतं. आणि दुसरं, सतरा पानांत मनुबाईचं नाव बाईंनीही कुठे घातलं नव्हतं.

त्यानंतर बाईंनी टपालाने शिकता येईल असे अभ्यासक्रम शोधायला सुरुवात केली. जून अठ्ठ्याण्णवपर्यंत घरात तीन माहितीपुस्तिका जमल्या. एक राज्यशास्त्राच्या एम.ए.ची, एक दिल्लीची व्यापारी कायद्याची, आणि एक बंगलोरची, बौद्धिक संपदेच्या कायद्याची. दोन वर्षांची मास्टर्स पदवी, घरी राहून. बौद्धिक संपदा म्हणजे डोक्यातून निघालेली मालमत्ता, असं त्यात पहिल्याच पानावर दिलं होतं. ते वाक्य बाईंनी कितीदा वाचलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

मुकुंदरावांनी शनिवारी तिन्ही पुस्तिका बघितल्या. "एम.ए. कर," ते म्हणाले. "मराठीतनं पेपर लिहिता येतात, कागदपत्रांची कटकट नाही. ह्या बंगलोरवाल्यांना सनद पाहिजे, नाहीतर या विषयात पाच वर्षं काम केल्याचा दाखला. तो तू कुठून आणणार?"

"साहेब देतील की."

"काय म्हणून देतील?"

बाईंनी बंगलोरची पुस्तिका उचलून बाजूला ठेवली. त्यांना तरी कुठे हवी होती नुसती पदवी? खरं तर त्यांना तो दाखलाच हवा होता. त्या एका अटीसाठी त्यांनी बंगलोर निवडलं, हे मात्र त्यांनी मुकुंदरावांनाही सांगितलं नाही.

साहेबांना ऐकून मनापासून आनंद झाला. "अहो, शिका ना! या वयात शिकायचं म्हणजे कौतुक आहे." त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून दिल्या. बाईंचं टायपिंग निर्दोष आहे, त्या वेळेवर येतात, स्वभावाने विश्वासू आहेत.

बाई तो कागद हातात धरून उभ्या राहिल्या. दहा वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी स्वतः काही लिहिलं होतं, आणि त्यात हे होतं. "साहेब, यात या विषयातलं काम काय केलं ते लिहावं लागेल," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मग तुम्हीच टाईप करा की तुम्हाला हवं तसं. मी सही करतो!"

बाईंनी तीन दिवस लावले. सतरा पानं एका रात्रीत लिहिणाऱ्या बाईंना सहा ओळी जमेनात. शेवटी लिहिलं ते असं : दहा वर्षे या कार्यालयातील अर्ज, हरकतींची उत्तरे आणि युक्तिवाद सौ. विनोदिनी लिमये स्वतः लिहितात. मी त्यांवर फक्त सही करतो. मानसिंग यांच्या प्रकरणातील युक्तिवादही त्यांचाच आहे.

गुरुवारी पाच वाजता त्यांनी हा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला. त्यावर फुली केली नाही. फुली नसली की सहीची जागा शोधावी लागेल, जागा शोधताना नजर ओळींवरून फिरेल, आणि मग साहेब थांबतील. रागावले तरी चालेल. नाही म्हणाले तरी चालेल. पण वाचलेलं तरी असेल.

साहेबांनी कप उचलला, पेनाचं टोपण काढलं, कागदाकडे पाहिलं. पेन तसंच राहिलं.

"विनोदिनीबाई," साहेब म्हणाले, "आज फुली राहिली वाटतं."

त्यांनी कागद पुढे सरकवला. बाईंनी पेन्सिल घेतली. फुली जरा मोठीच झाली.

"साहेब, एकदा वाचता का? माझ्या दाखल्याचं आहे."

"छे हो," साहेब सही करत म्हणाले, "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

आणि त्यांनी पान उलटलं. याहून मोठा दाखला कुणी कुणाला दिला नसेल, पण तो देणाऱ्यालाच ठाऊक नव्हता. बाईंनी त्या संध्याकाळी सगळ्या कागदांवरच्या फुल्या पुसल्या. दाखल्यावरची तेवढी पुसवेना. ती तशीच बंगलोरला गेली.

प्रवेश मिळाला. ऑगस्टात पहिला स्वाध्याय आला. विषय होता वेष्टनांच्या नकला. बाईंनी तेवीस पानं लिहिली, शेवटी स्वतःची सही केली आणि ती नीट आली नाही म्हणून शेवटचं पान पुन्हा टाईप केलं. मग पाकीट टपालात टाकून वाट बघणं सुरू झालं. सप्टेंबर गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. ऑफिसातून परत येताना कोपऱ्यावर पोस्टमन दिसला की बाईंची पावलं उगीचच हळू व्हायची. त्यालाही ते समजलं होतं. तो लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा.

नोव्हेंबरात एका शनिवारी पाकीट आलं. शंभरापैकी बावन्न गुण. आत पानोपानी लाल शाई सांडली होती. तिसऱ्या पानावर स्पेलिंग सुधारलं होतं. नवव्या पानावर लिहिलं होतं, आधाराला घेतलेल्या जुन्या निकालाचं वर्ष चूक आहे, तपासा. बाईंनी तपासलं. खरंच चूक होतं. दहा वर्षं हेच वर्ष त्या प्रत्येक कागदात लिहीत आल्या होत्या. आपल्या कामात कधी कुणी चूक काढली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान वाटायचा! चूक काढायला आधी वाचावं लागतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चौदाव्या पानावर नथीच्या बाईचा मुद्दा होता. बाईंनी सवयीप्रमाणे 'असे मानता येईल' असं लिहिलं होतं. शेजारी समासात लाल अक्षरात प्रश्न होता : 'हे मत कोणाचे? आपले असल्यास तसे स्पष्ट म्हणा.'

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पेन्सिल घेऊन त्यांनी खाली लिहिलं, 'अर्धं मनुबाईंचं, अर्धं माझं.'

मुकुंदराव स्टेशनावरून आले तेव्हा बाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पहिलं पान पाहिलं.

"बावन्न? अगं, मग रडतेस कशाला? पास झालीस की. पुढच्या वेळी वाढतील मार्क."

"मार्कांचं नाही हो. त्यांनी वाचलंय."

"कुणी?"

"कोण आहेत कुणास ठाऊक. नावसुद्धा लिहिलेलं नाही. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय."

मुकुंदरावांना यातलं काही उमगलं नाही, पण त्यांनी पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिले. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून पानं उलटायला घेतली. चूक दाखवणारी प्रत्येक खूण त्या बोट ठेवून बघत होत्या. आनंद होता, नाही असं नाही. पण प्रत्येक पानावर त्यांना एकच वाटत होतं, की हे लाल अक्षर केतकर साहेबांचं असायला हवं होतं.